शंभरातले शंभर रुपये आणि एका पिशवीमागे तीन जीव

विट्याचे मामा दरवर्षी आजीच्या श्राद्धाच्या सुमारास आमच्या साखरशाळेला, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पोरांच्या शाळेला, पैसे पाठवतात. यंदा पैशांऐवजी फोन आला. "तुमच्याकडं पगारी बाई आहे नव्हं? मग ती कसली सेवा? मी पाठवलेला मेसेज वाच आधी." मेसेज मी वाचलेलाच होता, आठवड्यात तिसऱ्यांदा. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग भिशीच्या, आणि आता थेट मामांकडून.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही त्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगते. मथळा आहे 'खरी सेवाभावी संस्था अशी ओळखा'. तिथे एकही पगारी माणूस नसतो, शंभरातले शंभर रुपये गरजूच्या हातात पडतात. रक्ताची एक पिशवी म्हणजे तीन जीव, तेव्हा शंभर जणांच्या शिबिरात तीनशे जीव वाचले. जेवढी रोपं लावली तेवढी झाडं झाली, जेवढी मदतीची किट वाटली तेवढी कुटुंबं सावरली. 'इम्पॅक्ट'चे, म्हणजे कामानं काय फरक पडला याचे, अहवाल ही कंपन्यांची थेरं, सेवा मोजायची नसते. शेवटी, नोंदणी क्रमांक असला की डोळे झाकून द्या, आणि जोडलेले हात.

आधी गुणाकार करून दाखवायचे आणि मग मोजू नका म्हणायचं, यातली गंमत लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेली दिसत नाही.

रक्ताचं आधी घेते, कारण हा तीनशे जीवांचा फ्लेक्स आमच्या चौकात दरवर्षी लागतो. पिशवीतलं रक्त वेगळं केलं की तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक मिळतात. ते तीन वेगळ्या रुग्णांना देता येतात, एवढंच खरं. देता येतात, दिले गेले असं नाही. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस. बाळंतपणात जोराचा रक्तस्राव झालेल्या एकाच बाईला पाच-सहा पिशव्या लागू शकतात आणि घटकही सगळे तिलाच. तिथं गुणाकार करायचा की भागाकार? थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या पोराला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवतात. या हिशेबानं ते एकटं पोरगं वर्षात पंधरा-वीस वेळा 'वाचलं' म्हणून मोजायचं.

हे नुसतं हास्यास्पद असतं तर सोडून दिलं असतं. पण फ्लेक्सवरचा आकडा मोठा करायचा म्हणून साहेबांच्या वाढदिवसाला एकाच दिवशी चार मंडळं चार शिबिरं घेतात. रक्त द्या, हेल्मेट न्या. एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे गावातले देणारे एका दिवसात संपले. मग मे महिन्यात कॉलेजं बंद, उन्हानं लोक बाहेर पडत नाहीत, आणि पेशंटचा भाऊ रक्तपेढीच्या पायरीवर बसून एकेकाला फोन लावतोय. मला अशा मंडळाला इतकंच विचारायचंय: गेल्या वर्षीच्या देणाऱ्यांपैकी किती जण स्वतःहून परत आले? मुदत संपून किती पिशव्या टाकाव्या लागल्या? मे महिन्यात तुम्ही किती माणसं पाठवलीत? या प्रश्नांना पैसा लागत नाही. रक्तपेढीत जाऊन विचारावं लागतं.

किटांचं माझ्याच वहीतून सांगते. ऑगस्ट २०१९, सांगलीचा महापूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही दहाबारा जण किट भरत होतो. रोज रात्री आकडा मी लिहायचे. आकड्यात एकाचीही चूक नव्हती. नंतर एकदा कर्नाळ रोडला एका ओळखीच्या घरी गेले, तर सोफ्यामागं आमचं किट न उघडता पडलेलं, शेजारी आणखी तीन संस्थांची. त्याच गल्लीच्या टोकाला भाड्यानं राहणारं एक कुटुंब होतं. आधारवर गावाकडचा पत्ता, म्हणून कुणाच्याच यादीत नाव नाही. त्या बाईनं विचारलं, "ताई, एखादा खराटा आणि फिनेल मिळंल का?" आम्ही बिस्किटं वाटत होतो. अहवालात 'इतक्या कुटुंबांना मदतीचा हात' असं छापलं, आणि ते वाक्यही मीच लिहिलं होतं. कुणी सावरलं का, हे विचारायला आम्ही परत गेलोच नाही.

हे आठवतं म्हणून 'तेवढी कुटुंबं सावरली' वाचलं की डोकं फिरतं.

रोपांवर फार बोलायला नको. लावलेली जुलैत मोजतात, जगलेली मे महिन्यात मोजा, तीही लागोपाठ तीन वर्षं. नोंदणी क्रमांकाचंही तसंच. त्यातून संस्था कागदावर आहे एवढंच कळतं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५० चा कायदा आहे, त्यात हिशेब ठेवायचे आणि तपासून घ्यायचे हे बंधन आहे. गेल्या वर्षीचं हिशेबपत्रक दाखवा म्हणा. जी दाखवायला टाळाटाळ करते तिला डोळे उघडे ठेवूनसुद्धा देऊ नका.

आता पगारी बाई. एक कबूल करते, नाइलाजानं: देणगीच्या पैशात गाडी, हॉटेलातल्या बैठका आणि गुळगुळीत कागदावरचा अहवाल, असल्या संस्था आहेत. मामांचा संशय हवेतून आलेला नाही. म्हणूनच तर कायद्यानं वेसण घातलीय. परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आतच करता येतो. २०२० पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती. कंपन्यांना सीएसआरमध्ये, म्हणजे नफ्यातून कायद्यानं करायच्या समाजकार्यात, प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. पण शून्य टक्के कोणत्याच कायद्यात लिहिलेलं नाही, कारण शून्यात काम होत नाही. आमची साखरशाळा 'शून्य खर्चा'ची होती तेव्हा आम्ही फक्त रविवारी जायचो. ऊसतोड करणारे आई-बाप पहाटे तीनला फडात जातात, सोमवार ते शनिवार थोरली पोरगी कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्याला सांभाळत बसते. रविवारी गाणी म्हणायची, फोटो काढायचे, खाऊ द्यायचा. सोमवारी 'क' परत विसरलेला. आता आमची पगारी ताई रोज सकाळी मजुरांच्या तळावर जाते, धाकट्यांना एका सतरंजीवर बसवते आणि थोरल्यांना मोकळं करते. त्या कामाला रोज माणूस लागतो, आणि रोजच्या माणसाला पोट असतं. मामांच्या हिशेबात तिचा पगार 'खर्च' झाला आणि आमचे रविवारचे फोटो 'सेवा'.

सेवा मोजायची नसते म्हणणाऱ्यांना मी फक्त गडचिरोली दाखवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ही सेवाच होती की. पण आधी त्यांनी गावोगावचा प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू लिहून काढला. ३९ गावांत काम केलं आणि जिथं हे काम सुरू नव्हतं अशा ४७ गावांतही तशीच मोजदाद ठेवली. काम झालेल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू हजारामागं ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. दुसऱ्या गावांत ते ६० च्या आसपासच राहिले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे हीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. त्या ४७ गावांची वही नसती तर कुणीही म्हटलं असतं, रस्ते झाले, जमाना बदलला, पोरं तशीही जगलीच असती. 'आम्ही इतक्या बाळांना तपासलं' एवढंच लिहिलं असतं, तर गडचिरोलीबाहेर कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

आम्ही काही 'सर्च' नाही, आणि आमच्यासारख्यांकडून कुणी तशी अपेक्षाही करू नये. पण एक कागद परवडतो. पोरांना वाचता येतं का हे बघणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत स्थानिक स्वयंसेवकच करतात. एका पानावर अक्षरं, शब्द, सोपा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट; पोराला जिथवर वाचता येतं तिथं खूण करायची. तसलाच कागद आम्ही हंगामाच्या सुरुवातीला आणि पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी वापरतो. ताई आल्यापासून अक्षरांवरची पोरं शब्दांवर, काही उताऱ्यावर सरकतात, हे त्या कागदात दिसतं. एक पोरगी तर कागदाला हात लावायची नाही, पण एका संध्याकाळी वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेऊन चालताना पुढच्या ट्रॉलीमागचं 'आ-ई-चा आ-शी-र्वा-द' मोठ्यानं वाचत गेली. ते कुठल्या रकान्यात लिहायचं यावर आमचं भांडण झालं.

दोन्ही वेळचे कागद मी मामांना पाठवले. सोबत ताईचा पगार, खडू-सतरंज्यांचा खर्च, सगळं. दोन दिवस काही नाही. मग फोन.

"सुरुवातीच्या यादीतली निम्मी नावं शेवटच्या कागदात दिसत नाहीत गं."

"टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली, मामा. मधेच जातात."

"मग त्या पोरांचं काय झालं?"

टोळीच्या मुकादमाचा नंबर माझ्याकडं आहे. अजून लावलेला नाही.