काळी संडास म्हणजे 'पित्त निघतंय' असं सांगणारा मेसेज फॉरवर्ड करू नका

आमच्या तात्यांना पॅन्क्रियाटायटिस झाला होता, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, आत्ता कुठं डिस्चार्ज मिळालाय आणि लगेच कोल्हापूरच्याच पाव्हण्यांच्या ग्रुपवरनं तो मेसेज आला. काय तर म्हणे अमायलेज (रक्तात तपासतात ते स्वादुपिंडाचं एन्झाइम) नॉर्मल आलं की आजार संपला, परत सीटी स्कॅन म्हणजे लूट, संडास काळी झाली तर साठलेलं पित्त निघतंय म्हणून खूष व्हा, डोळे पिवळे झाले तर कावीळीचा पाला घ्या. तात्यांना ते पटलंय, म्हणून लिहितेय.

आधी काळ्या संडासचं, कारण यात माणूस जाईल! स्वादुपिंडाचा पाचक रस बाहेर झिरपला की शेजारच्या धमनीची भिंतच खातो, बऱ्याचदा प्लीहेकडं जाणारीची, तिथं कमजोर फुगवटा येतो, त्याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणतात, आणि तो काही आठवड्यांनी, माणूस घरी हिंडायफिरायला लागल्यावरसुद्धा फुटू शकतो. रक्त आतड्यात उतरलं की संडास डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते. कधीकधी आधी थोडंच रक्त जाऊन थांबतं आणि मग एकदम मोठा रक्तस्राव होतो. त्या मधल्या वेळेत सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटीत, जागा सापडली तर बारीक नळीतनं कॉइल, म्हणजे धातूचं बारीक वेटोळं, सोडून ती धमनी बंद करता येते, आणि नेमकी तीच वेळ हा मेसेज खूष होण्यात घालवायला सांगतोय. लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते, मान्य, पण ते डॉक्टरनं ठरवू दे.

अमायलेज तर काही दिवसांत आपोआप उतरतं, आजार किती गंभीर ते त्यावरनं कळत नाही.

सीटीचं अर्धं खरं आहे. बहुतेकांचा आजार सौम्य असतो, त्यांना परत परत सीटी लागत नाही. पण जगभरचे डॉक्टर ज्यावर चालतात त्या या आजाराच्या 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात प्लीहेच्या आणि यकृताकडं जाणाऱ्या पोर्टल शिरेत रक्ताची गुठळी होणं हे गुंतागुंतींत लिहिलंय, आणि पोटदुखी परत आली किंवा ताप आला तर शोध घ्या असंही. मग तेव्हाचा सीटी लूट कसा?

पाल्याचं काय बोलायचं. या आजारात पिवळे डोळे बहुतेकदा पित्तनळीत खडा अडकल्यानं किंवा सुजेनं नळी दाबल्यानं होतात, सोबत थंडी वाजून ताप असेल तर नळीत पू किंवा यकृतात गळू असू शकतं. पाल्यानं खडा निघत नाही, दिवस तेवढे जातात.

तात्यांना एवढंच सांगितलंय, काळी संडास, रक्ताची उलटी, चक्कर, ताप, पिवळे डोळे, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी सीपीआर (आमच्या कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलाय हे दारातच सांगायचं.