हवामानबदल शाळेत शिकवावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. इतक्या वर्षांच्या मुख्याध्यापकीतून लिहिलेली तुमची प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हवामानबदलाचं शिक्षण म्हणजे ५ जूनला एक रोपटं, एक फेरी आणि पोस्टर स्पर्धा. धूर सोडला श्रीमंत देशांनी आणि अपराधी वाटून घ्यायचं आमच्या पोरांनी. वर कोवळ्या मनात भीती भरायची ती वेगळीच.

पोस्टरबद्दल वादच नाही. पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. विषय आला, पुस्तकं आली, आणि बऱ्याच ठिकाणी सगळं प्रकल्पवहीत चित्रं चिकटवण्यावर येऊन थांबलं. बाहेरही फार उजेड नाही. युनेस्कोने २०२१ मध्ये शंभर देशांचे अभ्यासक्रम आराखडे तपासले, तर जवळजवळ निम्म्यांत हवामानबदलाचा उल्लेखसुद्धा नव्हता.

पण म्हणून शिकवूच नये, हे मला अजिबात पटत नाही. वानुआतूचं बघा. प्रशांत महासागरातला तीन-सव्वातीन लाख वस्तीचा देश, २०१५ च्या पाम चक्रीवादळाने पार झोडपलेला. तिथे पोर्ट विलामध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये नेमका तुमचाच प्रश्न धरला: नुकसान करणाऱ्या देशांना कायद्याने जबाबदार धरता येतं का? त्यांनी संघटना काढली, प्रशांत बेटांच्या सरकारांना पत्रं लिहिली. वानुआतू सरकारने विषय उचलला. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने सांगितलं, की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, मान्य. तरी त्याची सुरुवात एका वर्गातून झाली.

त्या मुलांना कुणी अपराधी वाटायला शिकवलं नव्हतं. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड वर्षाला साधारण २ टन, अमेरिकेत १४ च्या आसपास, हे नववीतल्या मुलाला माहीत असेल तर त्याच्यावर दोष कोण ढकलणार? ते आपण सांगत नाही, नुसतं ‘दिवे बंद करा’ सांगतो. माझा राग त्यावर आहे.

राहिली भीती. ती मोबाइलवरून पोचलेलीच आहे. पोरांच्या हाताला काम दिलं की ती आटोक्यात येते, असं मला मनापासून वाटतं. केरळने काही सरकारी शाळांत हवामान केंद्रं बसवली, मुलं रोज नोंदी घेतात. आपल्याकडे तर याचा संबंध थेट घराशी आहे. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात आणि पीकनुकसानीच्या पंचनाम्याची वाट मोकळी होते. मंडळाचं यंत्र एका गावात, ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात, आणि बाप हात चोळत बसतो. त्याच्या मुलीच्या वहीत शाळेतल्या पर्जन्यमापकाचा आकडा असेल, तर तो सरकारदरबारी लगेच चालणार नाही. पण ग्रामसभेत प्रश्न विचारायला ती उभी राहू शकते.

खर्च फार नाही. साधा पर्जन्यमापक, झाडं-भिंतींपासून लांब मोकळी जागा, आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद. सुट्टीच्या दिवशी नोंद कोणी घ्यायची, तेवढं मात्र आधी ठरवावं लागेल. त्यात तुमचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा, म्हणून विचारतो: तुम्ही ही जबाबदारी कुणावर सोपवली असती?