अंड्यांचे ट्रे लावून पूल टेबलाचा आवाज थांबत नाही

सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'घरातल्या पूल टेबलाचा आवाज १०० टक्के बंद, पाच सोपे उपाय.' पूल म्हणजे काठीनं बॉल मारून ते टेबलाच्या कडेच्या भोकांत, पॉकेटमध्ये, घालायचा खेळ. आमच्याकडे पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आठ फुटी टेबल आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे महिन्याभरात चौघांनी तो मेसेज मला पाठवला. उपाय असे: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. बॉलवर बॉल आपटतो तोच खरा आवाज, म्हणून जुने झिजलेले बॉल वापरा. टेबलाखाली जाड गालिचा घाला. तेवढ्यानं भागलं नाही तर टेबलाखाली दोन इंच काँक्रीटचा ओटा करून घ्या. आणि शेजारी तरीही बोलले, तर रात्री दहापर्यंत कायद्यानं कितीही आवाज चालतो असं सांगा.

यातला एक उपाय घराला धोका आहे आणि एक शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं करणारा. म्हणून लिहायला बसलो.

आधी आमच्या घरी काय झालं ते सांगतो. खालच्या मजल्यावरचे काका एका रविवारी दारात आले. नुकतीच बायपास झालेली. म्हणाले, "दुपारी जरा डोळा लागतो आणि वरून कोणीतरी वरवंटा टाकल्यासारखं होतं." मी मुलाला आणि भाच्याला खेळत राहायला सांगितलं आणि काकांच्या बेडरूममध्ये अर्धा तास बसून राहिलो.

बॉलवर बॉल आपटल्याचा 'टक्' मला तिथे एकदाही ऐकू आला नाही. ब्रेकचा, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या पहिल्या जोरदार फटक्याचा आवाजसुद्धा पुसटच. ऐकू येत होतं ते वेगळंच. मिनिटाला एक-दोनदा 'ठप्'. मग मध्येच लांबून गाडा गेल्यासारखी गडगड आणि शेवटी 'ठक'. एकदा बॉल उडून फरशीवर पडला तेव्हा काका खुर्चीत अक्षरशः दचकले. वर येऊन पाहिलं तर 'ठप्'चा उलगडा झाला: आपली पाळी नसली की पोरं क्यू, म्हणजे खेळायची काठी, उभा धरून त्याचं बूड फरशीवर टेकवत होती. गडगड होती ती पॉकेटमध्ये पडलेला बॉल टेबलाच्या पोटातल्या पन्हळीतून घरंगळत पुढच्या खोक्यात जातो त्याची.

मेसेजची सगळी गफलत इथेच आहे. हवेतून जाणारा आवाज वेगळा आणि स्लॅबला बसलेला ठोका वेगळा. बोलणं, टीव्ही, बॉलचा टक् हे हवेतून जातं आणि जड स्लॅब ते बऱ्यापैकी अडवतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलो असतं. पण स्लॅबलाच ठोका बसला की तो स्वतः थरथरतो आणि खालच्या घराचं छत बोलायला लागतं.

आता ट्रे. भिंतीपलीकडे जाणारा आवाज वजनानं अडतो. वजन दुप्पट केलं तर फार तर ५-६ डेसिबल कमी होतात. चार इंची विटांची गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर भरते. त्यावर अंड्यांचे ट्रे चिकटवले तर एक किलोचीही भर पडत नाही. खोलीतला घुमारा किंचित कमी होईल, पण तेच काम जाड पडदे आणि पुस्तकांचं कपाट जास्त चांगलं करतात. शिवाय ट्रे कागदाच्या लगद्याचे असतात, ठिणगी पडली की पेटतात. मुलांच्या खोलीत चार भिंती भरून ते लावणं मला मुळीच पटत नाही.

झिजलेल्या बॉलचा सल्ला वाचून वाईट वाटलं. पूलचा चांगला बॉल फिनॉलिक रेझिन या टणक प्लास्टिकचा, ५७ मिलिमीटरचा, दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमचा. तो कडक आहे म्हणून तर टक्कर स्वच्छ होते आणि कोन नेमका येतो. टवके उडालेल्या बॉलवर शिकणाऱ्या पोराला वाटतं की आपलाच नेम चुकतोय. आणि हे सगळं अशा आवाजासाठी, जो खाली पोचतच नाही!

गालिच्यात तथ्य आहे, पण जागा चुकलीय. दगडी पाटाचं आठ फुटी टेबल ४०० किलोच्या आसपास असतं. पायांखाली गालिचा दबून चपटा होतो आणि टेबलाची पातळी मात्र जाते. तो हवा टेबलाच्या भोवती, जिथे माणसं उभी राहतात, क्यू टेकतात आणि बॉल पडतो तिथे. मजल्यातून ठोक्याचा आवाज किती झिरपतो हे मोजायला एक टॅपिंग मशीन वापरतात, त्यात ५०० ग्रॅमचे हातोडे ४ सेंटिमीटरवरून पडतात. क्यूचं वजन साधारण ५४० ग्रॅम. म्हणजे पोरगं दोन बोटं उंचीवरून क्यू सोडतं तेव्हा तो जवळपास तोच हातोडा असतो. आणि टेबलाच्या उंचीवरून उघड्या फरशीवर पडणारा बॉल त्या हातोड्याच्या सहापट ऊर्जेनं आदळतो. आम्ही टेबलाभोवती चारही बाजूंनी पाच फूट रुंदीच्या जाड रबरी मॅट टाकल्या आणि प्रत्येक क्यूच्या बुडाला रबरी बूच बसवलं. 'ठप्' त्याच दिवशी गेला.

गडगडीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि खरं काम तर तिथेच करायचं असतं. टेबलाचं खोकं आतून पोकळ, लाकडी, ढोलकीसारखं वाजतं. आम्ही पन्हळीच्या तळाला पातळ फेल्ट चिकटवलं. जाड फोम चालत नाही, बॉल मध्येच अडकून बसतो. हे आम्ही एकदा करून, पुन्हा सगळं खरवडून काढून शिकलो. पन्हळीच्या शेवटी, जिथे बॉल आधीच्या बॉलवर आदळतो, तिथल्या भिंतीला जुन्या योगा मॅटचे दोन थर आणि खोक्याच्या तळाला एक. एक दुपार गेली, खर्च शे-दोनशे रुपये. ज्यांच्याकडे पन्हळ नसलेलं, जाळीच्या पॉकेटचं टेबल आहे, त्यांनी पॉकेटमध्ये दोन बॉल साठले की काढून ठेवावेत, बस.

काँक्रीटच्या ओट्याबद्दल मात्र हात जोडून सांगतो: करू नका. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरलेला असतो. दोन इंच काँक्रीट म्हणजे तेवढ्या जागेत १२० किलो. वर टेबलाचे सरासरी ११०-११५, तेही पायांच्या चार-सहा ठिकाणी एकवटलेले. खेळणारी माणसं मोजण्याआधीच हिशेब मर्यादेबाहेर गेला. नुसतं टेबल ठेवतानासुद्धा ते खोलीच्या मधोमध न ठेवता बीमच्या जवळ कुठे बसेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. आणि एवढं करून ओट्याबाहेरच्या फरशीवर क्यू आपटायचा तो आपटतोच.

राहिला कायदा. रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि त्या वेळेतली बंदी लाउडस्पीकर, वाद्यं अशा गोष्टींवर आहे. दिवसा वाटेल तेवढा आवाज करा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, छातीवर टाके असलेल्या माणसाला नियमाचा कागद दाखवायला कोणाचं मन होईल?

मॅट टाकल्यावर मी पुन्हा काकांच्या बेडरूममध्ये जाऊन बसलो. या वेळी वर मुलगा आणि भाचा अर्धा तास खेळले. गडगड अजून जरा ऐकू येते, पण कान दिला तरच. दुपारी दोन ते साडेचार आम्ही टेबलावर कव्हर घालतो. काकांनी स्वतःच सांगितलं, साडेचारला चहा होतो, त्यानंतर खुशाल खेळा.