खड्डे खणतात आणि बुजवतात? हो, खरंच!

उन्हाळा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. झाडाखाली बसलेल्या बायकांचा फोटो आणि खाली मजकूर: 'तुमच्या पगारातून कापलेल्या पैशावर रोजगार हमीची मजा! खड्डे खणायचे, बुजवायचे, अन् शेतीला माणूस मिळू द्यायचा नाही.'

पगारातून कापतात हे बरोबर. व्यवसाय कर 1975 साली आणला तोच रोजगार हमी योजनेला, म्हणजे रोहयोला, पैसा हवा म्हणून. महिन्याला 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे झाले 2500. एवढ्यावर गावंच्या गावं पोसतोय असा आव आणायला नको.

खड्डे बुजवण्याबद्दल तर वादच नाही. 1990 पासून रोहयोतून फळबागा लावायला सुरुवात झाली. आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा भर उन्हाळ्यात खणतात, तापू देतात, मग शेणखत नि चांगली माती घालून बुजवतात. पाऊस पडला की त्यात कलम बसतं. कोकणात वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला तो असाच.

आता तो फोटो. जरा मोठा करून बघा. झाडाची सावली बुंध्याशी गोळा झालीय, म्हणजे दुपारचे बारा. फांदीला झोळी, शेजारी पालथं घमेलं, एकीच्या हातात भाकरी. उन्हाळ्यात मातीकाम उजाडताच सुरू होतं. बाराला माणूस जेवायचा नाही तर काय करायचा? शिवाय मजुरी मोजमापावर. टेप लावतात, जेवढी माती निघाली तेवढे पैसे. बसून राहणाऱ्याच्या पदरात कमीच पडतं.

राहिली शेती. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात या कामाचा दर होता दिवसाला 312 रुपये. सोंगणीच्या दिवसांत शेतावर याहून जास्त मिळत असेल, तर रोहयोच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, कोण जाईल? मजूर इथे येतो ते मुख्यतः रान मोकळं पडल्यावर. आणि बाई येते आणखी एका कारणानं: शेतावर तिचा रोज आजही गड्यापेक्षा कमी, इथे दोघांना दर एकच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला पहिला प्रयोग झाला, 1972 च्या दुष्काळात योजनेनं माणसं जगवली, 1977 ला कायदा झाला. 'मागेल त्याला काम' मिळणार म्हटल्यावर पडेल त्या दरात राबायची सक्ती सैल होते. शेतीला माणूस मिळत नाही या तक्रारीत बऱ्याचदा 'जुन्या दरात' हे दोन शब्द गाळलेले असतात, असं माझं मत.

खोट्या नावांची मस्टरं भरली गेली, पैसे उचलले गेले, हे मात्र नाकारत नाही. पण मस्टर मजूर लिहीत नाहीत. त्यांची तक्रार वेगळीच: मस्टर बंद झाल्यावर पंधरा दिवसांत मजुरी द्यायची असं रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात होतं, आणि खात्यावर पैसे यायला कैकदा महिने लागायचे. त्याचा मेसेज आमच्या ग्रुपवर काही अजून आलेला नाही.