सगळ्यांचं बीपी ११०/७०

दादा, गरोदर बायकांच्या तपासण्यांवर आणि आशाताईंवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. "वजनकाट्याने आणि बीपीच्या मशीनने बाई वाचत नाही, रस्ता आणि डॉक्टर लागतो. आशाताईंचं कौतुक करून तुम्ही सरकारला मोकळं सोडता, आणि गोळ्यांच्या बाबतीत बायकांनाच बोल लावता." असं तुम्ही लिहिलंय.

गोळ्यांचं कबूल. "देतो, पण खात नाहीत" हे वाक्य मी घाईत लिहिलं, लिहायला नको होतं. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळी होते, खडा धरतो. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. बाई घाबरते आणि गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात. गरोदरपणात अशा १८० घ्यायच्या. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घे, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच, एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. ती आम्ही देत नाही.

रस्त्याबद्दल काय वाद घालणार? राज्याचा मातामृत्यू दर २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, केरळनंतर देशात सगळ्यात कमी. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या ज्या पाड्यावरून पावसाळ्यात बाईला डोलीत घालून आणतात, तिथे तो आकडा सांगायला मलाही तोंड नाही.

पण म्हणूनच मोजायचं, दादा. समजा पाचव्या महिन्यात बीपी १००/६०, सातव्यात ११०/७० आणि आठव्यात १३२/८६. शेवटचा आकडा एकटा बघितला तर १४०/९० च्या आत आहे, "नॉर्मल" म्हणून घरी पाठवतील. तिन्ही एका ओळीत बघितले की बीपी चढत चाललंय हे दिसतं आणि पोटात गोळा येतो. मग पायावर अंगठा दाबून खड्डा राहतो का, म्हणजे सूज आहे का, बघायचं, लघवीत पट्टी बुडवायची, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का विचारायचं, आणि महिन्याची वाट न बघता चार दिवसांत परत बोलवायचं. हे वेळेत कळलं तर बाई स्वतःच्या पायांनी उतरून येते, आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी येऊन राहायच्या खोलीत, राहते. झटके आल्यावर कळलं तर डोलीच.

आकड्यांचा हाच धागा खोट्या नोंदींनी तुटतो, आणि तिथे नुसत्या मशीनने बाई वाचत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. एका उपकेंद्रातलं रजिस्टर मी चाळलं होतं. ओळीने अकरा बायका, अकराही जणींचं ११०/७०, एकाच निळ्या पेनाने. मशीन कपाटात होतं, फुगा फाटलेला. सिस्टर म्हणाल्या, तीन वेळा मागणी केली. त्यांना तरी किती बोलणार? पण त्या अकरा जणींत एखादी १३२/८६ वाली असली तर ती कुणालाच दिसणार नव्हती.

दुसऱ्यांदा तो तुटतो स्थलांतरात. दिवाळी झाली की कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि माता-बाल कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत राहतं. तिकडच्या दवाखान्यात ती बाई नवीन, तिची ओळ पुन्हा पहिल्यापासून. आमच्या एका आशाताईने यावर शोधलेला उपाय मला कुठल्याच परिपत्रकात दिसला नाही. ती कार्ड उचलीच्या, म्हणजे भट्टीवाल्याकडून घेतलेल्या आगाऊ पैशांच्या, हिशेबाच्या चिठ्ठीसोबत एकाच पिशवीत ठेवायला लावते, कारण ती चिठ्ठी कुणी घरी विसरत नाही. जननी सुरक्षा योजनेत एका बाईमागे तिला ६०० रुपये, तेही तपासण्या आणि दवाखान्यातलं बाळंतपण दोन्ही झालं तर. कौतुक केलं ते हिचं. सरकारचं एका शब्दाने केलेलं नाही, परत वाचून बघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते. या महिन्यात तुम्हीही या. कार्डावरचे मागचे आकडे तुम्ही वाचा, मशीन मी लावते. फुगा बदलून आला की नाही, तेही कळेल.