एरिया वाढला, खिडकी डक्टात गेली

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय आणि तिचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी हॅम्बुर्गमध्ये बसून वाचते. कार्पेट एरिया किती टक्के वाढवून मिळणार, कॉर्पस म्हणजे बिल्डर सभासदांना देतो ती एकरकमी रक्कम किती, भाडं किती महिन्यांचं आगाऊ... चर्चा रात्री बारा-बारापर्यंत. नकाशा मात्र एकदाच आला. त्यात आमच्या नव्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या बंदिस्त पोकळीत उघडते. त्यावर अवाक्षर नाही, अंगठे तेवढे आले.

आत्ताच्या घरात ओट्यासमोर जांभळाचं झाड आहे. भाजीवाला आला का, शाळेची बस गेली का, कुणाकडे पाहुणे आलेत, हे आईला शिट्ट्या मोजता मोजता कळतं. सत्तरीतल्या बाईचा अर्धा दिवस त्या खिडकीशी जातो. नव्या घरात तिथे ड्रेनेजचे पाइप आणि खालच्या मजल्यावरची फोडणी.

जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याच्या घरात राहतात, पण घरात कसं राहायचं याबाबत काटेकोर. भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, नाहीतर भिंतींना बुरशी धरते. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या कुंडीत टाकायच्या नाहीत. रविवारच्या विश्रांतीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेने जसंच्या तसं घेतलंय. आपल्याकडेही रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहेच. पण तक्रार करणाराच सोसायटीत वाईट ठरतो.

इथले गोडवे गायचे नाहीत मला. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि दार वाजलं तर पार्सलवालाच असतो. मुलुंडच्या जिन्यात संध्याकाळी मेथी निवडत बसणाऱ्या बायका इथे मिळत नाहीत. खरं तर हेच मला खुपतंय. टॉवरमध्ये गेल्यावर तो जिनाही जाणार, उरणार लिफ्टची लॉबी आणि बंद दारं. म्हणजे जर्मनीतला एकटेपणा तेवढा आपण उचलणार, इथली मोकळी हवा आणि शांतता सोडून!

'तिकडे बसून बोलायला काय जातंय,' असं एका काकांनी सुनावलंच. बरोबर आहे त्यांचं. बिल्डिंग गळते, लिफ्ट नाही, बाबांचे गुडघे तीन मजले चढून बोलायला लागलेत. रिडेव्हलपमेंट हवंच. पण मुंबईत दोन इमारतींमधली मोकळी जागा नियमापेक्षा कमी सोडायची असेल, तर महापालिकेकडे प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क भरून सवलत मिळवता येते. बिल्डर तो भरेल. उजेड जाईल तो आपला. मग वाढीव एरियातले थोडे फूट सोडून स्वयंपाकघरं बाहेरच्या बाजूला घ्या, दर मजल्यावर बसायला जागा ठेवा, असं करारावर सही करण्याआधी आर्किटेक्टला विचारायला काय हरकत आहे?

कमिटीला मी तसं लिहिलंय. आई फोनवर म्हणाली, "अगं, सह्या येत्या रविवारी आहेत. आणि सेक्रेटरी विचारत होते, तुला मास्टर बेडरूमला अटॅच्ड बाथरूम हवंय ना?"