उभ्या गाडीचा उपद्व्याप

घरच्या घरी बनवलेली माझी तीनचाकी पाहायला येणारा प्रत्येक जण ती किती पळते हे विचारतो. ती उभी कशी राहते, हे अद्याप एकानेही विचारलेले नाही. वास्तविक मोटर, बॅटरी आणि साखळी जोडली की गाडी पळतेच, त्यात कर्तबगारी फारशी नाही. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, जिथे अंगणदेखील उतरते असते, तिथे ती रात्रभर जागच्या जागी ठेवणे हे खरे काम.

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो, तेव्हा तोच दाबून अडकवून ठेवावा, अशी सूचना घरातून आली. पण रबरी सीलमधून किंचित पाझर झाला किंवा रात्री तेल गार पडले, तरी दाब उतरतो आणि गाडी पहाटे कोणालाही न सांगता निघून जाऊ शकते. म्हणून उभी गाडी धरून ठेवणारा हातब्रेक वेगळा आणि निव्वळ यांत्रिक हवा. “गिअरमध्ये टाकून ठेव की,” हा एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांचा सल्लाही बाद झाला, कारण माझ्या गाडीला गिअरच नाहीत. “मग दगड लाव,” असे म्हणून त्यांनी आपल्यापुरता विषय संपवला.

मी मात्र पुण्याच्या जुन्या बाजारातून, रविवारची गर्दी सोसून, स्कूटरच्या ब्रेकचे, चाकाबरोबर फिरणारे १५० मिलिमीटर व्यासाचे दोन ड्रम आणले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माणसांसह ३०० किलोची गाडी पाचास एक अशा चढावर उभी केली, तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे ५९ किलोंचा भरतो. हा आकडा ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, एवढे तर मीच धरून उभी राहीन.” परंतु चाकाची त्रिज्या २१ सेंटिमीटर आणि ड्रमची अवघी साडेसात, त्यामुळे तोच जोर ड्रमच्या कडेशी पोहोचेपर्यंत जवळजवळ तिप्पट होतो, आणि तिथे रात्रभर धरून बसण्याची तयारी घरात कोणीही दाखवली नाही.

बळ वाढवायचे तर तरफ लांब हवी. तरफ लांब केली की हाताला अंतर जास्त कापावे लागते, आणि केबलचे ताणले जाणे व तिच्या वेष्टनाचे दबणे त्या अंतरातले बरेचसे परस्पर गिळून टाकतात. शिवाय दोन चाकांना दोन केबल, त्यांतली एक नेहमी थोडी आखूड. तेव्हा दोन्हींच्या मध्ये फिरती समतोल पट्टी घालावी लागली, जी बैलांच्या जुवासारखी आळशी आणि कामसू अशा दोघांकडून सारखेच काम काढून घेते. सर्वांत छळ केला तो ओढलेली तरफ खिटीने जागी अडकवून ठेवणाऱ्या दातेरी चकतीने. दाते मोठे ठेवले तेव्हा एका दातावर ब्रेक सैल राही आणि पुढच्या दातापर्यंत हात पोहोचत नसे. बारीक केले तेव्हा साध्या लोखंडाचे ते दाते झिजून गुळगुळीत झाले. शेवटी कडक केलेल्या पोलादाची चकती करवून घेतली. तिचा खर्च मी घरात अजून सांगितलेला नाही.

अशा वेळी मोटारगाडीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ यांचा आधार वाटतो. १८८८ साली नवऱ्याने बनवलेली तीनचाकी घेऊन त्या जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या आणि उतारांवर लाकडी ब्रेक झिजू लागताच त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. त्या बाईंना निदान थांबवायची गाडी चालती होती. माझी मुळातच थांबलेली.

चाचणीला गल्ली जमली. काकांनी स्वतः पुढे होऊन एस.टी.त कमावलेल्या मनगटाने तरफ शेवटच्या दातापर्यंत खेचली. गाडी हलली नाही. बराच वेळ हलली नाही. यालाच यश म्हणतात हे समजावून सांगेपर्यंत प्रेक्षक पांगले आणि काकाही जेवायला गेले.

तेवढ्यात गॅस सिलिंडरचा टेम्पो आला. ब्रेक सोडायचा तर तरफ आधी किंचित आणखी वर ओढून खिटीवरचा भार काढावा लागतो, मगच बटण दबते. आणि काकांनी ओढली त्याहून वर ती ओढणे मला काय, टेम्पोवाल्यालाही जमेना. काकूंनी दारातूनच सांगितले, की ते आत्ताच आडवे झालेत, चारच्या आत उठायचे नाहीत.